जांभळीच्या बाई

खोली दाखवताना बाईंनी बाकी काही बोलण्याआधी भिंतीचं बोलून घेतलं. या भिंतीवर खिळा ठोकायचा नाही, कॅलेंडर लावायचं नाही, पाठ टेकून बसायचं नाही. बाकी घर आपलंच समजावं. मी मान डोलावली. नोकरीतली पहिली नेमणूक, परकं गाव, आणि एकट्या मुलीला खोली द्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं. भिंतीकडं नीट पाहिलं ते सामान लावून झाल्यावर.

चुना दिलेल्या भिंतीवर निळ्या खडूची एक जाड रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत वळणं घेत गेली होती. तिच्या दोन्ही बाजूंना गेरूनं काठ काढले होते. काठांवर कोळशानं झाडं, बिळं, घरटी, आणि प्रत्येकाखाली फळ्यावरच्या वळणदार अक्षरात नाव. करंज. शिंदी. घोरपड. वांब. ढोकरी, दोन. ही रेघ माझ्या खोलीत संपत नव्हती. ती दाराच्या चौकटीवरून पलीकडं स्वैपाकघरात जात होती, आणि मागच्या बाजूला ओसरीतून आली होती. ओसरीत नदीचा उगम होता, स्वैपाकघरात ती तेरणेला मिळत होती. मधला सगळा भाग, मोठ्या डोहासकट, माझ्या वाट्याला आला होता.

ती जांभळी नदी. बालाघाटाच्या कडेवर उगम पावते, गावाला अर्धा वळसा घालते आणि खाली तेरणेत जाऊन पडते. पायी चालणाऱ्याला दीड दिवस पुरतो. पावसाळा सोडला तर तिच्यात घोट्याएवढं पाणी असतं आणि उन्हाळ्यात तेही नसतं, फक्त डोहांमध्ये उरतं. रस्त्यावरच्या पुलावरून एसटी जाते तेव्हा खाली नदी आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

बाई तेव्हा पासष्टीच्या पुढं होत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी नोकरी करून निवृत्त झालेल्या. मूळ घर धनगराचं. वडील मेंढरं घेऊन याच नदीच्या काठानं वर्षभर वरखाली करायचे आणि लहानपणी बाई त्यांच्या मागं असायच्या. वाडीतून सातवी पास झालेली पहिली मुलगी त्याच. शाळेत त्या पुस्तकासारखं बोलायच्या म्हणे. मी पाहिलं तेव्हाही गावात कुणाशी बोलताना त्यांची भाषा स्वच्छ, प्रत्येक शब्द पुरा उच्चारलेला. पण घरात आणि नदीवर त्या घरचं बोलायच्या. त्यांनी मला "पोरी" म्हणून हाक मारली त्या दिवशी मी त्यांच्या घरची झाले असं मी समजते.

रोज पहाटे त्या नदीवर जायच्या. सहावारी पातळ गुडघ्याच्या खाली खोचलेलं, पायात मुलानं टाकून दिलेले पुरुषी बूट, हातात बांबूची काठी. एक दिवस वरच्या अंगाला, एक दिवस खालच्या. परत आल्या की चहाच्याही आधी भिंतीची नोंद. मी केस विंचरत असो की नुकती उठून बसलेली असो, दारावर टकटक व्हायची आणि बाई खडू घेऊन आत. "सरक जरा. खंड्यानं जागा बदलली." मग काल जिथं खंड्या होता तिथं ओल्या बोटानं पुसायचं आणि चार बोटं पुढं नवा काढायचा. महिन्याभरात मला सवय झाली. रविवारी त्या आल्या नाहीत तर मीच विचारायची, काल टिटवी कुठं होती.

दिशा त्या नदीवरूनच मोजायच्या. त्यांच्या बोलण्यात डावं-उजवं नव्हतं, पूर्व-पश्चिम नव्हतं. साखरेचा डबा खालच्या अंगाला असायचा, मिठाचा वरच्या. एकदा त्या माझ्याबरोबर धाराशिवला आमच्या ऑफिसात आल्या तेव्हा शिपायाला त्यांनी विचारलं की साहेब वरच्या अंगाला बसतात की खालच्या. त्यानं जिना दाखवला. बाई जिन्यापाशी क्षणभर थांबल्या, मग मला म्हणाल्या की ह्या इमारतीला उतारच नाही, हितल्या माणसांना काही सापडत कसं असेल.

मुलगा पुण्याला होता. दर दिवाळीत तो आईला कायमची घेऊन जायला यायचा आणि एकटाच परत जायचा. त्याच्या घराजवळही नदी आहे, असं तो समजावून सांगायचा. बाईंनी ती पाहिली होती. तिला पाणी आहे पण काठ नाही, दोन्हीकडं भिंत आहे, एवढंच त्या म्हणायच्या, आणि त्याला डब्यात लाडू भरून द्यायच्या.

त्यांचा हट्ट गावाला पाठ होता. मी येण्याच्या आधीच्या वर्षीची गोष्ट मला तिघाचौघांनी वेगवेगळी सांगितली, पण गाभा एकच. डोहात बॅटरीचा करंट सोडून मासे मारणारा एक माणूस बाईंना पहाटे सापडला. त्यांचाच जुना विद्यार्थी, चाळिशीतला, दोन लेकरांचा बाप. बाईंनी ना सरपंचाला सांगितलं ना पोलिसाला. त्या संध्याकाळी वही-पेन घेऊन त्याच्या घरी गेल्या आणि डोहात त्या दिवशी काय काय मेलं त्याची नावं लिहायला सांगितली. त्याला मरळ आणि झिंगा एवढीच आली. बाकीची बाईंनी सांगितली: वांब, शिंगटी, खवल्या, मळे, पाणदिवड, बेडूक, कासवाचं पिल्लू. आणि ती सगळी यादी शंभर वेळा लिहून मगच उठायला लावलं. बायको दारात उभी राहून बघत होती, लेकरं खुदखुदत होती, आणि तो माणूस पाट मांडून लिहीत होता. नंतर कधी करंट लागला नाही. तो माणूस मी पाहिला आहे. बाईंचं नाव निघालं की तो अजून बोटं चोळतो.

बाई जाऊन आता दीड वर्ष होईल. त्यांच्याबद्दल बोलताना गावातले लोक हीच गोष्ट आधी सांगतात. मला मात्र सांगायचं आहे ते वेगळं. त्यात मी फारशी चांगली दिसत नाही, तरी सांगायचं आहे.

मी जलसंधारणाच्या कामावरची कनिष्ठ अभियंता. गावात सलग काही उन्हाळे टँकर येत होता. निम्म्या बायका तेरखेड्याला फटाक्याच्या कामाला जायच्या, आणि परत आल्या की घागरी घेऊन रांगेत. मी गावात राहत होते, ती रांग रोज पाहत होते. त्यामुळं जांभळीच्या खोलीकरणाचं काम मंजूर झालं तेव्हा सरपंचांइतकाच मलाही आनंद झाला होता. खालच्या पुलापासून वर डोहापर्यंत आणि डोहाच्याही पुढं, पोकलेननं नदी खोल आणि रुंद करायची, मध्ये बंधारे घालायचे, पाणी अडवायचं. आराखडा मीच केला. ठराविक अंतरावर तळाची उंची मोजून पातळ्या घेतल्या, कागदावर लांबछेद, म्हणजे तळाच्या चढउताराची रेघ, काढला, तळाला एकसारखा उतार दिला. नदीचा इतका सुबक कागद माझ्या ऑफिसात कुणी केला नव्हता.

संध्याकाळी तो माझ्या खाटेवर पसरलेला होता आणि बाई दूध द्यायला आत आल्या. त्यांनी विचारलं, हे काय आहे. मी समजावून सांगितलं. त्यांनी कागद दोन्ही हातांनी उचलला, भिंतीपाशी नेला, आणि रेघेवर रेघ धरून बघत राहिल्या.  मग विचारलं, "ह्यात उंबरा कुठाय?"

मला उंबरा माहीत नव्हता. मोठ्या डोहाच्या खालच्या तोंडाशी काळ्या कातळाची एक पट्टी नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत आडवी गेली आहे, तिला त्या उंबरा म्हणायच्या. माझी एक पातळी त्या कातळाच्या अलीकडं पडली होती आणि दुसरी पलीकडं. मधला कातळ माझ्या कागदात आलाच नव्हता. मी म्हणाले की आला असता तरी तो फोडावाच लागणार, उतार सारखा ठेवायचा तर. बाईंनी कागद घडी न पाडता परत खाटेवर ठेवला आणि सांगितलं, उद्या रजा टाक. नदी बघायला जायचं आहे. मी म्हणाले नदी बघितली आहे. त्या म्हणाल्या, "न्हाय. तू कागदाएवढी बघितलीस."

आम्ही उगमापासून सुरुवात केली. मला थेट उंबऱ्यापाशी नेलं असतं तरी चाललं असतं, पण बाईंना मधलं गाळणं मान्य नव्हतं. माळावर एका उंबराच्या झाडाच्या मुळाशी ओल होती, हाताच्या तळव्याएवढी, आणि तिच्यात दोन खेकडे. ही जांभळी, बाई म्हणाल्या, आणि पाण्यापुढं जराशा वाकल्या. तिथून घळ सुरू होते. निरगुडीची गर्दी, दगडांत साळिंदराचे काटे पडलेले. एका ठिकाणी बाईंनी मला तोंडावर बोट ठेवून बसवलं. समोरच्या खडकावर घोरपड ऊन खात होती, आमच्याकडं डोळा ठेवून. बाई तिला तीन वर्षं ओळखत होत्या.

घळ संपली की शेतं लागतात आणि नदी सपाट होते. काठानं शिंदीची झाडं, त्यांना सुगरणीचे खोपे लोंबत होते, गेल्या पावसाळ्यातले, वाळलेले. मोठ्या डोहावर तेव्हा ढोरं पाण्याला आली होती, म्हणून बाई मला आधी उंबऱ्याच्या खालच्या अंगाला घेऊन गेल्या. तिथं एका वळणावर मातीची उंच दरड होती आणि दरडीत भोकंच भोकं. बाईंनी मला पलीकडच्या काठावर करंजाच्या सावलीत बसवलं. थोड्या वेळानं हिरवे पक्षी यायला लागले, चोचीत गांधीलमाशी धरून, आणि एकेक भोकात नाहीसे व्हायला लागले. वेडे राघू. आत पिल्लं होती. ती दरड माझ्या आराखड्यात होती. रुंदीकरणात ती पाच हात मागं सरकणार होती. हे मला माहीत होतं आणि मी ते त्या वेळी बोलले नाही.

तिथून उंबऱ्यापाशी परत आलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. वरच्या बाजूला डोह, हिरवागार, काठावर कासवं. कातळाची पट्टी गुडघ्याएवढी उंच. तिच्या खालच्या बाजूला नदी कोरडी, नुसता गोटा, त्यात टिटवीची चार अंडी दगडांसारखीच पडलेली. बाईंनी पिशवीतून सुतळी काढली, टोकाला दगड बांधलेला. डोहाच्या दोन्ही बाजूंच्या शेतांत चार विहिरी आहेत. चारही विहिरींत त्यांनी मला सुतळी सोडायला लावली. चारही ठिकाणी पाणी डोहाच्या पातळीशी जवळपास सारखं लागलं. मग उंबऱ्याच्या खालच्या विहिरीवर नेलं. सुतळी संपली, दगड कोरड्यावर आपटला.

"खोलीमुळं पाणी साठत न्हाय, पोरी," त्या म्हणाल्या. "ह्या दगडामुळं साठतंय. हा फोडलास की डोह एका दिवसात खाली जाईल आन ह्या चार विहिरी त्याच्या मागं."

मी अभियांत्रिकीचं शिक्षण घेतलेली, आणि हे इतकं साधं होतं. मी कातळावर बसले. बाईंनी भाकरीचं फडकं सोडलं. दुसऱ्या दिवशी आम्ही उरलेली नदी तेरणेपर्यंत चाललो, कारण त्यांच्या मते अर्धी नदी बघून आलेलं माणूस न बघितलेल्या माणसापेक्षा जास्त चुकतं.

साहेबांनी माझं ऐकून घेतलं. पण आराखडा बदलायचा तर मंजुरी पुन्हा सगळ्या टेबलांवरून फिरणार, तोवर पावसाळा येणार आणि काम पुढच्या वर्षावर जाणार. गावाला काय सांगायचं, ते त्यांनी मला विचारलं.  ग्रामसभेत बाई उभ्या राहिल्या, पुस्तकी मराठीत शांतपणे सगळं सांगितलं, आणि त्यांचं बोलणं संपायच्या आत रांगेतल्या बायकांपैकी एक उठली. ती म्हणाली, "बाई, तुम्हाला पाखरं पाहिजेत. आमाला पाणी पाहिजे." कुणी हसलं नाही. ती बाईंच्या शेजारच्याच गल्लीतली, तिच्या दोन्ही पोरींना बाईंनी शिकवलेलं.

त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत. ओसरीत बसून होत्या. मी जवळ जाऊन बसले तर म्हणाल्या की तिचं बरोबर आहे, मी तिला दाखवलं नाही, नुसतं सांगितलं. शाळेत मी असं कधी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून बाईंच्या फेऱ्यांत एक माणूस वाढलं. टँकरच्या रांगेतली एकेक बाई त्या सोबत न्यायला लागल्या, एका दिवशी एकच. पहिली नेली ती ग्रामसभेत बोललेली. तिच्या हातात सुतळी द्यायची, वरच्या चार विहिरींत सोडायला लावायची, मग खालच्या विहिरीत, आणि काही न बोलता परत यायचं. येताना बाई तिची घागर कमरेवर घ्यायच्या. कुणी येत नाही म्हणालं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात. एकीनं चार दिवस टाळलं, पाचव्या दिवशी कंटाळून आली. मशीन गावात येईपर्यंत अकरा जणी सुतळी सोडून आल्या होत्या.

पोकलेन आलं आणि खालच्या पुलापासून वर यायला लागलं. ते चालवणारा झारखंडचा, तिशीतला, गावात कुणाशी न बोलणारा. बाई रोज त्याला भाकरी आणि पिठलं नेऊन द्यायच्या आणि मग काठी घेऊन मशीनच्या बरोबरीनं काठानं चालायच्या. त्यांची हिंदी निजामाच्या काळातल्या म्हाताऱ्यांकडून उचललेली. हौले चलाव बेटा, इत्ती घाई क्या है, असं काहीतरी. तो हसायचा. पण टिटवीच्या अंड्यांपाशी त्यानं मशीन वळवून घेतलं हे मी स्वतः पाहिलं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मशीन राघूंच्या दरडीला आलं. बाईंनी पंधरा दिवस मागितले. पिल्लं उडाली की घ्या म्हणाल्या, तोवर पुढचं काम करा. ठेकेदाराचा माणूस म्हणाला की मशीन मागं-पुढं नाचवायला तो बसलेला नाही, आणि त्यानं माझ्याकडं पाहिलं. बाईंनीही माझ्याकडं पाहिलं. मला त्या क्षणी उंबरा डोळ्यांपुढं होता. दरडीसाठी भांडले तर उंबऱ्यासाठी भांडायची माझी ताकद राहणार नाही, असा मी हिशेब केला. मी म्हणाले, "बाई, हा भाग आराखड्यात आहे."

दरड अर्ध्या तासात गेली. पक्षी चोचीत माशी धरून तिथंच घिरट्या घालत राहिले, दुपारपर्यंत. बाई करंजाखाली बसून ते सगळं बघत होत्या, हलल्या नाहीत. घरी आल्यावर त्यांनी माझ्या खोलीत येऊन ओल्या फडक्यानं भिंतीवरचा तेवढा भाग पुसला.  मी आजपर्यंत जे काही चुकीचं केलं त्यातलं हे एक मला रोज आठवतं, आणि त्या वेळचा माझा हिशेब बरोबर होता की नव्हता हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

उंबऱ्यापाशी मशीन पोचलं त्या सकाळी मला फोन आला तो चालवणाऱ्याचा. तो म्हणाला की मॅडम, आप आ जाइए, मैं हाथ नहीं लगाऊँगा. मी पोचले तेव्हा ठेकेदाराचा माणूस त्याच्यावर ओरडत होता, सरपंच फोनवर होते, आणि उंबऱ्यावर बायका धुणं धूत होत्या. दहा-बारा जणी, कातळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. घोषणा नाही, फलक नाही. रोजचंच धुणं. सरपंचांनी त्यांना उठायला सांगितलं तेव्हा ग्रामसभेत बाईंना बोललेली बाई कपडा आपटायची थांबली नाही. तिनं एवढंच विचारलं की धुणं कुठं धुवायचं, खालच्या विहिरीत सुतळी सोडून बघितली का सरपंचांनी.

बाई त्यांच्यात नव्हत्या. त्या वरच्या काठावर काठी टेकून उभ्या होत्या आणि माझ्याकडं बघत नव्हत्या.

साहेब फोनवर म्हणाले की काम पुरं करून घ्या, बाकीचं नंतर बघू. मी ऐकून घेतलं. फोन ठेवला, साइटवरचं रजिस्टर मागवलं आणि मशीनच्या पट्ट्यावर ठेवून लिहिलं: आडव्या कातळापासून वर खोदकाम करू नये, केल्यास डोह व चार विहिरी कोरड्या पडतील. खाली सही केली, हुद्दा लिहिला.  ठेकेदाराच्या माणसानं ते दोनदा वाचलं आणि मशीन बंद करायला सांगितलं.

माझ्याकडं खुलासा मागितला गेला, मी तो दिला. पावसाळ्यानंतर बदली झाली, तुळजापूर तालुक्यात, अणदूरच्या बाजूला. पुढच्या उन्हाळ्यात गावाला टँकर आला, नाही असं नाही, पण उशिरा आला, आणि वरच्या चार विहिरींना शेवटपर्यंत पाणी राहिलं. खालची खोदलेली नदी मात्र पहिल्याच पुरात सरळ धावली आणि एका शेतकऱ्याचा बांध घेऊन गेली. बाईंनी त्याला शिंदीची रोपं नेऊन दिली. हे सगळं त्यांनी फोनवर सांगितलं, बातमी सांगावी तसं. निघताना मी त्यांच्या पाया पडले होते तेव्हा त्या म्हणाल्या होत्या की उंबरा तू राखलास, दरड तू घालवलीस, दोन्ही ध्यानात ठेव. त्यांनी त्यापुढं तो विषय कधी काढला नाही.

नंतर एक दिवस त्या न कळवता अणदूरला आल्या. खंडोबाच्या दर्शनाला आले म्हणाल्या, पण देवळातून त्या सरळ माझ्या दारात आल्या. दोन एसटी बदलून, गुडघे सुजलेले. मी पाणी दिलं, उशी दिली, स्टूल पायाखाली सरकवलं. घोटभर पाणी पिऊन त्यांनी विचारलं, हितली नदी कुठाय. मी गावाबाहेरच्या ओढ्याकडं बोट केलं. त्या म्हणाल्या, उगम? मला माहीत नव्हता. तिथं येऊन मला आठ महिने झाले होते.

बाईंनी स्टुलावरून पाय खाली घेतले.

मी नको म्हणाले, ऊन आहे म्हणाले, तुमचे गुडघे म्हणाले. त्या बूट चढवत होत्या. आम्ही ओढ्याच्या काठानं वर निघालो. वाटेत एक मेंढपाळ भेटला, कानडी वळणाचं मराठी बोलणारा. बाईंनी त्याच्याशी घरच्यासारख्या गप्पा मारल्या, कुणाच्या किती मेंढ्या, चारा कुठं आहे. हा हळ्ळ, ओढ्याला तो हळ्ळच म्हणायचा, कुठून निघतो ते नक्की सांगता येणार नाही, असं तो म्हणाला. त्याच्या आजाला माहीत होतं. अर्ध्या वाटेवर बाईंचा पाय उचलेना. त्या लिंबाखाली बसल्या आणि मला म्हणाल्या, "म्या हितं बसते. तू वर जा आन बघून ये. खोटं सांगू नगंस."

मी वर गेले. दगडी माळावर ओढ्याला तीन फाटे फुटत होते आणि तिन्ही ठिकाणी कुठं ना कुठं ओल होती. तासाभरानं परत येऊन मी तसं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाल्या की तीन उगम नसतात, पुन्हा जा. पण त्यांची शेवटची गाडी होती. मी त्यांना स्टँडवर सोडलं. त्या खिडकीतून हात न हलवता बसून राहिल्या. ती आमची शेवटची भेट.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी पहिल्या फाट्यानं गेले. तो एका शेततळ्याची गळती निघाला. पुढच्या रविवारी दुसऱ्यानं, तिथं जनावरांच्या हौदाचं पाणी होतं. त्याच्या पुढच्या रविवारी तिसऱ्या फाट्यावर, बांधाखालच्या एका सपाट दगडाच्या तळाशी, करंगळीएवढं पाणी बाहेर येताना दिसलं. मी दगडावर आडवी होऊन ते किती तरी वेळ बघितलं. मग तिथूनच बाईंना फोन लावला आणि सापडलं म्हणाले.

बाईंनी मला गप्प राहायला सांगितलं. फोन पाण्याजवळ धर म्हणाल्या. मी धरला. पाण्याचा आवाज असा फारसा नव्हता, कान लावला तर लागेल इतकाच. तिकडूनही काही ऐकू येत नव्हतं, त्यांचा श्वास फक्त. मला वाटलं फोन तुटला.

"लागलं," बाई म्हणाल्या. "आता सांग, तितं कोण कोण राहतंय?"

मी चप्पल काढली, पाण्याशेजारी नीट मांडी घातली, आणि जे दिसत होतं ते एकेक सांगायला लागले.